प्राथमिक शाळेतील आठवडा : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली ते पाचवीच्या मराठी माध्यमाच्या वर्गांत, विशेषतः जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत, ज्यांची मुले शिकतात त्या पालकांचे काही प्रश्न पालक सभेत आणि शाळेच्या फाटकाशी पुन्हा पुन्हा येतात. ते येथे एकत्र घेतले आहेत. उत्तरे वर्गात शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहिली आहेत आणि जेथे कायदा किंवा शासनाचे धोरण लागू होते तेथे त्याचाही उल्लेख केला आहे.

रोज विचारले, “आज काय शिकवलं?” तर मूल “काही नाही” म्हणते. वहीसुद्धा कधी कधी कोरी असते. खरेच काही शिकवले जात नाही का?

बहुतेक वेळा शिकवलेले असते, पण ते एका दिवसात मावणारे नसते. प्राथमिक वर्गातील बहुतेक गोष्टी मुलाला चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या रूपांत भेटल्या तरच त्याच्या होतात. म्हणून मुलाच्या प्रगतीचा अंदाज रोजच्या वहीवरून न घेता आठवड्यावरून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

दुसरीतील हातच्याची बेरीज पाहा. सोमवारी बाई काड्या आणि रबर घेऊन मुलांसोबत जमिनीवर बसतात. सत्तावीस काड्या म्हणजे दोन गठ्ठे आणि सात सुट्या, पंधरा म्हणजे एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या की बारा होतात, त्यांतल्या दहांना रबर लावला की आणखी एक गठ्ठा तयार होतो आणि दोन काड्या हातात उरतात. त्या दिवशी वहीत एक अक्षरही लिहिलेले नसते, पण हातचा म्हणजे काय ते मुलाने स्वतःच्या बोटांनी बांधलेले असते. मंगळवारी त्याच काड्यांची चित्रे काढली जातात. बुधवारी उभी मांडणी येते आणि दशकाच्या घरावर लहानसा १ लिहिला जातो. गुरुवारी मुले स्वतःच शाब्दिक उदाहरण तयार करतात, ज्यात हमखास चिंचा, बोरे किंवा कोंबडीची पिल्ले असतात. शुक्रवारी दुसराच घटक चालू असताना बाई मध्येच फळ्यावर एक बेरीज लिहितात आणि कोण अडखळते ते पाहतात. सोमवारी घरी गेलेल्या मुलाला “काय शिकलास?” असे विचारले तर ते “काड्या खेळलो” असेच सांगणार, आणि ते खरेही असते.

आठवड्यात किती तास शिकवणे अपेक्षित आहे?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि किमान ८०० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास आणि सहा दिवसांच्या आठवड्याला सुमारे चोवीस तास. शनिवारी शाळा सकाळची आणि अर्धी असल्यामुळे इतर दिवशी अध्यापन थोडे अधिक होते. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण २२० दिवस आणि १००० तास आहे. शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास सांगितलेले आहेत, त्यामुळे वर्ग सुटल्यावर वह्या तपासत किंवा साहित्य बनवत बसलेले गुरुजी हे त्यांच्या कामाचाच भाग करत असतात.

आठवड्याच्या वेळापत्रकात कोणते विषय असतात?

पहिली-दुसरीला मराठी, गणित आणि इंग्रजी, शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असते. परिसर अभ्यास हा स्वतंत्र विषय म्हणून तिसरीपासून येतो आणि तिसरीत मुलाला आपल्या जिल्ह्याची ओळख होते. चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग शिवछत्रपतींच्या जीवनावर आहे. पाचवीला हिंदीची भर पडते. लहान वर्गांत भाषा आणि गणित यांना सर्वाधिक तासिका मिळतात, कारण वाचता आले नाही तर पुढचा एकही विषय हाती लागत नाही.

रोजच्या परिपाठात वेळ जातो. तेवढ्यात एक तासिका झाली नसती का?

परिपाठाची जागा तासिकेने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. राष्ट्रगीत, १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा असा त्याचा क्रम साधारणपणे असतो. अनेक शाळांत दर आठवड्याला एका वर्गाकडे किंवा एका गटाकडे परिपाठाची जबाबदारी दिली जाते. त्या आठवड्यात तिसरीतील एखादी मुलगी आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्रातील दोन ओळी निवडते, कठीण शब्दाचा अर्थ घरी विचारते, सकाळी सगळ्या शाळेसमोर त्या वाचते आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही तर पुन्हा वाचते. निवड करणे, समजून घेणे, प्रकट वाचन करणे आणि चारचौघांसमोर उभे राहणे हे सारे यात आले. परिपाठ रोज त्याच चार हुशार मुलांकडून करून घेतला जात असेल तर मात्र पालकांनी तो मुद्दा सभेत जरूर मांडावा.

टाचण म्हणजे काय? पालकांना ते पाहता येते का?

टाचण म्हणजे शिक्षकाने शिकवण्यापूर्वी लिहून ठेवलेली तयारी : कोणता घटक, कोणती अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवे), कोणते साहित्य, मुले काय करतील आणि ती शिकली हे कशावरून कळेल. वर्षाचे नियोजन, त्यातून महिन्याचे घटक नियोजन आणि त्यातून टाचण, असा तो क्रम आहे. चांगल्या टाचणात आठवड्याच्या शेवटी “चार मुलांना वजाबाकीत दशक सुटा करता येत नाही, सोमवारी पुन्हा गठ्ठे” अशी एखादी नोंद दिसते, आणि खरे सांगायचे तर तेवढी एक ओळ बाकीच्या सुबक अक्षरांपेक्षा मोलाची असते. टाचण मुख्याध्यापक पाहतात. पालकांनी ते तपासावे अशी पद्धत नाही, मात्र येत्या आठवड्यात काय शिकवणार आहात असे विचारण्यात काहीही गैर नाही.

पहिलीत अ, आ, इ, ई या क्रमाने अक्षरे का शिकवत नाहीत? आम्ही तर तसेच शिकलो.

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या स्थानांप्रमाणे लावलेला आहे आणि तो अतिशय शास्त्रशुद्ध आहे, पण वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी तो सोयीचा नाही. अ पासून सुरुवात करून ज्ञ पर्यंत जाईपर्यंत महिने जातात आणि त्या काळात मुलाला वाचण्याजोगा एकही शब्द मिळत नाही. त्याऐवजी क, म, ल, न, र असा एक गट घेतला तर त्याच आठवड्यात कमल, नमन, कलम, नरम, मन हे शब्द वाचता येतात. पुढच्या आठवड्यात काना मिळाला की काका, कान, नाक, काम, माला असे शब्द समोर येतात. आपण वाचले, हा आनंद मुलाला पहिल्याच पंधरवड्यात मिळतो आणि त्याच आनंदावर पुढचा सगळा अभ्यास उभा राहतो.

अक्षर दाखवण्याआधी आवाज ऐकवला जातो, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. ‘म’ शिकवताना मका, आमटी, कदम अशा शब्दांत तो सुरुवातीला आहे, मधे आहे की शेवटी आहे हे मुले ओळखतात, टाळी वाजवून दाखवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. ज्या मुलाला शब्दातला आवाज वेगळा ऐकू येत नाही त्याला त्या आवाजाचे चिन्ह कितीही गिरवायला लावले तरी वाचन येत नाही, म्हणून हा खेळ आवश्यक आहे.

देवनागरीत काही ठिकाणी मूल हमखास थांबते. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते, पण तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’ या शब्दात र चा उच्चार य च्या आधी होतो, पण त्याची खूण य च्या डोक्यावर बसते. उकार खाली, मात्रा वर, काना बाजूला. मोठ्या माणसाच्या डोळ्यांना हे सवयीने दिसेनासे झालेले असते. मुलाला तेथे रागावण्याऐवजी एक आठवडा अधिक द्यावा. घरी शिकवायचे असेल तर ‘क ला काना का’ असे घोकून घेण्यापेक्षा दुकानाच्या पाट्या, बसवरची गावांची नावे आणि बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर वाचून घ्यावा.

दुसरीतील मूल ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिते. याला काही अडचण तर नाही ना?

या वयात हे फार मुलांचे होते आणि त्याचे कारण मुलात नसून मराठी संख्यांच्या रचनेत आहे. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी येतो आणि सात नंतर. जे ऐकले ते डावीकडून लिहिणारे मूल ७२ लिहिते, म्हणजे ते कानाशी प्रामाणिक असते. एकोणतीस तर आणखी अवघड, कारण त्यात तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन एकवीस, बावीस यांच्या सोबतीने देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. रूढ नावे शिकवलीच पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण ज्या मुलाला संख्या उलटी लिहिण्याची सवय लागली आहे त्याला काही आठवडे ‘दोन दशक सात एकक म्हणजे सत्तावीस’ असे म्हणत गठ्ठे मांडायला दिले तर गाडी रुळावर येते, हा वर्गातला रोजचा अनुभव आहे. घरी दहा रुपयांच्या दोन नोटा आणि सात सुटी नाणी समोर ठेवली तरी तेच काम होते. तिसरी संपत आली तरीही उलट लेखन तसेच राहिले आणि अक्षरेही उलटी होत असतील, तर शिक्षकांशी बोलून पुढची तपासणी करून घ्यावी.

पाढे पाठ करून घ्यावेत की समजून घेऊ द्यावेत?

दोन्ही, आणि याच क्रमाने नव्हे. आधी दोन-दोनच्या, पाच-पाचच्या उड्या मारत मुलाने पाढा स्वतः तयार करावा आणि मग तो रोज म्हणून पक्का करावा. आजोबांच्या पिढीत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढेही तोंडपाठ असत, कारण व्यवहार त्यावर चालत असे. आज तेवढ्याची गरज नाही. परंतु दहापर्यंतचे पाढे चौथीपर्यंत जिभेवर नसतील तर पाचवीचा भागाकार मुलाला नको नकोसा होतो, आणि त्या वेळी दोष भागाकाराला दिला जातो.

गृहपाठ आठवड्याला किती असावा?

केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा, असे सांगितले आहे. दोन तास हे आठवड्याचे आहेत, दिवसाचे नाहीत, हे शिक्षक आणि पालक दोघांनीही ध्यानात ठेवावे. पालकच जेव्हा “बाई, जरा जास्त लिहायला द्या, घरी बसतच नाही” असे म्हणतात तेव्हा शिक्षकांची अडचण होते. धडा दहा वेळा उतरवून काढल्याने अक्षर वळणदार होण्याऐवजी बिघडते आणि मुलाचे लेखनावरचे मन उडते. आजीला विचारून जुन्या विहिरीची गोष्ट चार ओळींत लिहून आणणे, घरातील आठवड्याच्या दुधाचा हिशेब मांडणे, अंगणातील तीन झाडांची पाने आणून त्यांची तुलना करणे असा गृहपाठ थोडा असतो, पण त्यात डोके चालवावे लागते.

शनिवारी दप्तर आणू नका असे का सांगितले जाते?

महाराष्ट्रात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. योगासने, गोष्टी, खेळ, हस्तकला, रस्ता सुरक्षेसारखे विषय त्या दिवशी घेतले जातात. आठवडाभर जे शिकले ते मुले कसे वापरतात हे शनिवारी सर्वांत चांगले कळते. कागदाची होडी करताना ‘अर्धा’ आणि ‘पाव’ हे शब्द कोण सहज वापरते, गोष्ट सांगताना कोणाची वाक्ये पूर्ण होतात, खेळात गुण मोजताना कोण चुकते, हे चाचणीच्या कागदावर दिसत नाही. म्हणून शनिवारी मुलाला घरी ठेवू नये. दप्तराच्या वजनाबाबत नियम असा की ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो, त्यात पाण्याची बाटलीही आली.

आमच्या शाळेत चार वर्ग आणि दोनच शिक्षक आहेत. मग माझ्या मुलाच्या वाट्याला अर्धाच आठवडा येतो का?

हा प्रश्न वाडी-वस्तीवरच्या पालकांचा आहे आणि तो पूर्णपणे रास्त आहे. कायद्याच्या अनुसूचीनुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, मग वर्ग चार असोत वा पाच. त्यामुळे हजारो शाळांत एका शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात.

ते नीट केले तर चालते, आणि नीट करणे म्हणजे आठवड्याची आखणी करणे. पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसवली जाते. शिक्षक पहिलीला नवीन अक्षरगट शिकवत असताना दुसरीची मुले गटात स्वाध्याय करतात, अर्ध्या तासाने उलट होते. काही गोष्टी दोन्ही वर्गांना मिळून घेता येतात. उदाहरणार्थ, एकच गोष्ट सांगून पहिलीने तिचे चित्र काढावे आणि दुसरीने चार वाक्ये लिहावीत. अशा खोलीतील पहिलीचे मूल दुसरीचा धडा कानावर पडूनच अर्धा शिकते आणि दुसरीचे मूल पहिलीच्या मुलाला समजावताना स्वतः पक्के होते. गट करून, स्वयंअध्ययनाची कार्डे बनवून, भिंतीवर खालच्या बाजूला मुलांचा हात पोहोचेल असे फळे रंगवून अनेक शिक्षकांनी अशा शाळा उत्तम चालवून दाखवल्या आहेत.

तरीही आम्हाला वाटते की शिक्षकांच्या कौशल्यावर भिस्त ठेवून ही व्यवस्था कायमची मान्य करू नये. दोन शिक्षकांपैकी एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेला की त्या दिवशी चारही वर्ग एकाच्या हाती येतात आणि मग शिकवण्यापेक्षा सांभाळणेच अधिक होते. वस्तीवरच्या मुलालाही वर्गाला एक शिक्षक मिळायला हवा, आणि पालकांनी तशी मागणी करत राहणे योग्यच आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी मुलाला घरी ठेवले तर काय बिघडते?

एका दिवसाने बिघडत नाही, पण बाजार दर आठवड्याला त्याच वारी येतो. बाजार गुरुवारी असेल आणि गुरुवारी नेहमी शाब्दिक उदाहरणे होत असतील, तर त्या मुलाची वर्षभराची शाब्दिक उदाहरणे बुडतात आणि ते का मागे पडले हे कोणाच्याच लक्षात येत नाही. आपल्या हजेरीपत्रकात अशी एकाच वारची गैरहजेरी दिसली की शिक्षकांनी त्या वारचा तास बदलावा आणि पालकांनी मुलाला शाळा सुटल्यावर बाजारात न्यावे. तेथे त्याला भाव विचारायला लावावे, सुटे पैसे मोजायला द्यावेत.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे. दसरा-दिवाळीनंतर ही मुले आई-वडिलांसोबत कारखान्याच्या तळावर जातात आणि त्यांचे आठवडे नव्हे, महिने बुडतात. अशा मुलासाठी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्यावे. ते दाखवले की जेथे कुटुंब जाईल तेथील शाळेत त्याला बसता येते आणि परतल्यावर पुन्हा आपल्या वर्गात येता येते. आजी-आजोबा गावातच राहणार असतील आणि गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल तर मूल मागे ठेवणे त्याच्या शिक्षणासाठी अधिक बरे.

दर आठवड्याला चाचणी का घेत नाहीत? गुण कळले तर बरे होईल.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणारे, आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारे, असे दोन भाग असतात. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची साधने आहेत, म्हणजे चाचणी हे त्यांपैकी फक्त एक साधन झाले. या पद्धतीत पहिली-दुसरीला आकारिक भागाला १०० पैकी ७० गुणांचा भार दिलेला आहे, तिसरी-चौथीला ६० आणि पाचवीला ५०. प्रगतिपत्रकावर शेवटी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी येतात. पालकांची नजर श्रेणीवर जाते, पण वाचायच्या असतात त्या वर्णनात्मक नोंदी. ‘परिच्छेद समजून वाचतो, अनुस्वार गाळतो’ यातून जे कळते ते ब-१ मधून कळत नाही. नोंद सर्व मुलांची सारखीच दिसत असेल तर शिक्षकांना थेट विचारावे.

माझे मूल तिसरीत आहे, पण सलग वाचता येत नाही. वर्ग तर पुढे चालला आहे.

प्रथम घाबरू नये आणि मुलाला ‘ढ’ म्हणू नये. शिक्षकांसोबत बसून मूल नेमके कोठे थांबते ते पाहावे : अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, साधा परिच्छेद वाचते का, गोष्ट वाचून सांगते का. जेथे थांबले तेथून रोज थोडा वेळ काम झाले तर बहुसंख्य मुले काही महिन्यांत पुढे सरकतात. ‘प्रथम’ या संस्थेने देशभर ही स्तरनिहाय पद्धत वापरून दाखवली आहे. केंद्राचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, त्यातही २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे हे उद्दिष्ट ठेवलेले आहे. ज्या शाळेत आठवड्यातील काही तासिका अशा स्तरगटांसाठी राखून ठेवल्या जातात तेथे फरक दिसतो. नुसते ‘जादा तास’ म्हणून तोच धडा पुन्हा शिकवला तर दिसत नाही.

आम्ही घरी मराठी बोलत नाही. मुलाला वर्गातले कळते का?

सुरुवातीचे काही आठवडे कमी कळते. खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘मुलगी’ पेक्षा ‘आंडेर’ जवळचा वाटतो, तरी पुस्तकाच्या मराठीपर्यंतचे अंतर त्याला ओलांडता येते. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलाचे तसे नाही. या भाषांचे कूळच वेगळे असल्यामुळे त्याला पहिलीत एक नवी भाषा शिकावी लागते आणि त्याच भाषेत गणितही शिकावे लागते. शक्यतोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे २००९ चा कायदा सांगतो. गावातील भाषा जाणणारी व्यक्ती मदतीला असेल, शिक्षकाने दर आठवड्याला मुलांच्या भाषेतले काही शब्द शिकून भिंतीवर लिहिले असतील, घरची गाणी वर्गात म्हटली जात असतील, तर मूल बोलू लागते. घरी आपली भाषा बोलणे थांबवू नये, ही कळकळीची विनंती. तुटक मराठी बोलणाऱ्या आईपेक्षा आपल्या भाषेत भरभरून गोष्ट सांगणारी आई मुलाला अधिक शिकवते.

शाळेतील जेवणाचा अभ्यासाशी काय संबंध?

पोषण आहाराच्या निकषांनुसार प्राथमिकच्या मुलाला दररोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. रिकाम्या पोटी आलेले मूल दुसऱ्या तासिकेनंतर फळ्याकडे पाहते, पण काहीच टिपत नाही. वारानुसार ठरलेला आहार भिंतीवर लावलेला असतो, तो पालकांनी पाहावा आणि अधूनमधून चाखूनही पाहावा.

घरी आठवडाभर आम्ही नेमके काय करावे?

फार काही नाही. मुलाला रोज थोडा वेळ मोठ्याने वाचायला सांगावे आणि ते वाचत असताना मध्येच चुका काढू नयेत. आपल्याला वाचता येत नसेल तर नुसते ऐकावे आणि “मग पुढे काय झालं?” असे विचारावे, तेवढ्याने मूल पुढचे पान उलटते. १९७१ पासून बालभारती काढत असलेले ‘किशोर’ मासिक शाळेच्या ग्रंथालयात असते, ते घरी आणायला सांगावे. रविवारी आठवड्याच्या सर्व वह्या एकदा शांतपणे चाळाव्यात आणि सोमवारच्या पानाशी शनिवारचे पान ताडून पाहावे. फोनवरचे व्हिडिओ अधूनमधून दाखवायला हरकत नाही, पुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर धड्याचे साहित्य मिळते. मात्र जे मूल फोन पाहत जेवते आणि फोन पाहत झोपते त्याला वर्गात गोष्ट ऐकणे जड जाते, हे आम्हाला दरवर्षी अधिक जाणवू लागले आहे.

शिक्षक निवडणुकीच्या कामावर गेले आणि तो आठवडा बुडाला. हे चालते का?

कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे शिक्षकांना देता येतात, इतर अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. बुडालेल्या तासिका कशा भरून काढणार हे मुख्याध्यापकांना विचारण्याचा अधिकार पालकांना आहे, कारण ८०० तासांची अट अशा वर्षीही लागू असते.

शिकवण्याबद्दल काही शंका असेल तर कोणाशी बोलावे?

आधी वर्गशिक्षकांशी, तेही मुलासमोर किंवा वर्ग चालू असताना दारात उभे राहून नव्हे, तर शाळा सुटल्यावर. तेथे समाधान झाले नाही तर मुख्याध्यापकांशी. त्यानंतर विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडावा. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्यामुळे ती पालकांचीच समिती आहे. तिच्या बैठकीत बांधकाम आणि रंगरंगोटी यांवर जितकी चर्चा होते तितकीच चर्चा “गेल्या महिन्यात तिसरीची किती मुले वाचू लागली” या विषयावर व्हायला हवी, आणि ती घडवून आणणे पालक सदस्यांच्या हातात आहे. शाळेच्या पातळीवर प्रश्न सुटला नाही तर केंद्रप्रमुख आणि त्यानंतर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी.